लबानोनचा रस्ता आणि घरचे दिवस

शास्त्रपाठ : १ शमुवेल १७:१२-४०, १ राजे ५:१३-१८, १ तीमथ्य ५:८



पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी, उपासना आटोपून लोक अंगणात बोलत उभे असताना, आमच्या मंडळीतला एक तरुण मजकडे आला. लग्नाला अजून वर्ष झाले नव्हते. पत्नीला सातवा महिना लागला होता. जड वाहनाचे लायसन त्याने नुकतेच काढले होते. ते त्याने खिशातून काढून माझ्या हाती दिले, जणू मीच त्याला नोकरीवर ठेवणार होतो. म्हणाला, "पाळकसाहेब, दोन ठिकाणी बोलणं झालंय. कुठलं धरू ते प्रार्थना करून सांगा."

पहिले काम लांबच्या गाडीवरचे. बेळगावहून माल भरून दिल्लीकडे जाणारा मोठा ट्रक. त्यावर एक मुरलेला चालक आणि त्याच्या हाताखाली हा. पगार बरा, वर रोजचा भत्ता. दुसरे काम दूध गोळा करणाऱ्या पिकअपचे. पहाटे तीनला उठायचे, खेड्याखेड्यांतून कॅन उचलायचे, सकाळी डेअरीवर खाली करायचे, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. पगार पहिल्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण दुपारी आणि रात्री माणूस घरी.

एवढे सांगून तो जरा घुटमळला. मग खाली पाहत म्हणाला, "घरी यायचे दिवस आधी ठरवून मागितले तर ते चुकीचं आहे का? घरातले म्हणतात, अजून हात बसला नाही आणि अटी कसल्या घालतोस. देवानं काम दिलंय ते गुमान घे."

मी त्याला लागलीच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी ये म्हटले. त्याला वाटले असेल, पाळकसाहेब प्रार्थनेला बसणार. प्रार्थना केली हे खरे. पण उत्तर अडण्याचे कारण निराळे होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावच्या मंडळीत मी सेवेस असताना, असाच प्रश्न घेऊन एक बंधू मजकडे आला होता. त्याच्याही पुढे दोन कामे होती, एक जवळचे आणि एक लांबचे. मी तरुण होतो आणि माझ्यापाशी उत्तरे नेहमी तयार असत. मी शास्त्र उघडून त्याच्यापुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले ते कठोर वचन ठेवले, ज्यात प्रेषित पौल घरच्यांची हयगय करणाऱ्याला विश्वासाबाहेर काढतो. मी म्हणालो, "जास्त मिळतं तिथं जा. घरच्यांसाठीच जातोस ना?" तो गेला. पैसे वेळेवर घरी येत. पत्र्याच्या जागी कौले आली, मुलीला चांगल्या शाळेत घातले. मी दोन-तीन उपदेशांत त्याचे उदाहरणही दिले.

एका रविवारी तो अचानक गावी आला आणि मुलीला न्यायला थेट शब्बाथशाळेच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला. मुलगी चार-पाच वर्षांची असेल. ती शिक्षिकेच्या पदराआड गेली. शिक्षिका अक्का नवीन होत्या, त्यांनी सहज विचारले, "कोण गं हे?" मुलगी म्हणाली, "आमच्या घरी येतात ते."

मी तेथेच होतो. त्याने ते ऐकले हेही मी पाहिले. त्या घरी पुढे काय झाले ते मी येथे लिहीत नाही. ती त्यांची गोष्ट आहे. पण त्या दिवसापासून मी ते वचन उपदेशात घेतले नव्हते. आज ह्या तरुणाच्या निमित्ताने घेतो.

ज्या अध्यायात हे वचन येते तो अध्याय विधवांविषयी आहे. मंडळीने कोणत्या विधवांना सांभाळावे, आणि कोणाचा भार तिच्या मुलानातवंडांनी उचलावा, ह्याची चर्चा चालली आहे. एकटी पडलेली म्हातारी बाई पौलाच्या डोळ्यांपुढे आहे. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे क्रियापद आहे त्याचा उगम पाहिला तर 'आधी विचार करणे', 'पुढचे पाहून ठेवणे' असा अर्थ निघतो. त्यात पैसा येतो. पैशाशिवाय त्या म्हातारीची चूल पेटत नाही. परंतु मी त्या बंधूला जे वाचून दाखवले त्यात फक्त पैसाच उरला होता. घरच्यांचा पुढचा विचार करणे म्हणजे मनिऑर्डर, एवढेच मला त्या वयात कळत होते. वचन बरोबर होते. मी ते तोकडे वाचले.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे दोन भाग आहेत : अनुभव थोडा आहे हा एक, आणि घरचे दिवस मागावेत काय हा दुसरा. पहिल्याला उत्तर देताना मला दावीद आठवला.

गल्याथाशी लढायला दावीद पुढे आला तेव्हा शौल राजाचा आक्षेप हाच होता. तू पोरगा आहेस, आणि तो तर लहानपणापासून लढाईत वाढलेला. आजचा गाडीमालक म्हणतो ना, "दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर बोल"? शौल दुसरे काय म्हणत होता? दावीदाने त्यावर मोठ्या बढाया मारल्या नाहीत आणि नसलेला अनुभवही सांगितला नाही. बापाची मेंढरे राखताना सिंह आला, अस्वल आले, तेव्हा काय केले एवढेच त्याने सांगितले. जे काम केले होते त्याचा हिशेब दिला. मग शौलाने त्याला आपले शिरस्त्राण आणि चिलखत चढवले. दावीद चालून पाहतो, आणि काढून ठेवतो, कारण त्याची त्याला सवय नव्हती. आपण शब्बाथशाळेत मुलांना गोफण आणि पाच गोटे शिकवतो, आणि ते बरेच आहे. पण चिलखत काढून ठेवणारा दावीदही त्यांना दाखवावा. समोर राजा उभा आहे, वस्तू राजाची आहे, नाही म्हणणे अवघड आहे. तरी हात बसलेला नाही ते अंगावर घ्यायचे नाही, हे त्या पोराला कळत होते.

चौदा-सोळा चाकी गाडी हे नवशिक्यासाठी शौलाचे चिलखत आहे. घाटात उतरताना वीस-पंचवीस टन माल मागून ढकलत असतो तेव्हा ब्रेक किती वेळ दाबून धरायचा आणि गिअर कोठे खाली आणायचा, हे लायसनवर लिहिलेले नसते. जुन्या काळी माणूस आधी क्लीनर होई. चार-पाच वर्षे टायर ठोकून पाहणे, दोरखंड आवळणे, गाडी मागे घेताना हाक देणे, उस्तादाचे जेवण रांधणे, आणि मग कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणे, "बस, घे." ती शाळा कठोर होती, शिव्याही पुष्कळ, पण तिच्यात हात बसे. आता ती शाळा बरीच मोडली आहे. पुष्कळ गाड्यांवर क्लीनर ठेवतच नाहीत.

कायद्यानेही ह्याचा थोडा विचार केला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी चालवता येत नाही, आणि हलक्या वाहनाचे लायसन एक वर्ष हाती असल्याशिवाय त्यापुढचे शिकाऊ लायसन मिळत नाही. लहान गाड्यांपुरता मात्र रस्ता मोकळा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की, हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्याला साडेसात हजार किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. म्हणजे पिकअप, २००५ पासून रस्त्यावर आलेला आणि सर्वांच्या तोंडी 'छोटा हत्ती' झालेला टाटा एस, आणि तशाच इतर गाड्या. आमच्या भागात उद्यमबागेतल्या फौंड्रींचे कास्टिंग कारखान्यांना पोचवणे, भाजी मार्केटचा माल, सिमेंट-लोखंडाची दुकाने, दूध, पाण्याचे जार, पार्सल, अशी पुष्कळ कामे ह्याच गाड्यांवर चालतात. अनुभव नसलेल्या तरुणाला काम मिळते ते बहुधा येथेच, आणि हीच कामे रात्री घरी आणून सोडणारी आहेत. ज्याला कमीपणा समजून तरुण टाळतात, तेथेच दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. वर्ष-दोन वर्षे लहान गाडी जपून चालवली, अपघात नाही, मालाची तूट नाही, की तोच माणूस मोठ्या गाडीच्या मालकापुढे दावीदासारखा आपला हिशेब सांगू शकतो. हे मेंढरे राखणे आहे.

आणि त्याच अध्यायात एक लहानसे वचन आहे, पंधरावे, जे माझ्या वाचनातून वर्षानुवर्षे निसटले होते. दावीद शौलाकडून बेथलेहेमास आपल्या बापाची मेंढरे राखायला जात-येत असे. राजवाड्यात काम लागले तरी त्याची घरची फेरी चालू होती!

येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी दावीदाच्या मुलाकडे जायला हवे.

शलमोनाला मंदिर बांधायचे होते. गंधसरूची लाकडे लबानोनच्या डोंगरावर, आणि मंदिर यरुशलेमात. प्रवास लांबचा, माल जड. पहिल्या राजांच्या पाचव्या अध्यायात त्याने वेठीला धरलेल्या माणसांची संख्या आहे : तीस हजार. आणि त्यांची व्यवस्थाही लिहिली आहे. त्यांच्या तीन तुकड्या केल्या, दहा-दहा हजारांच्या. एका वेळी एकच तुकडी डोंगरावर असे. महिनाभर काम करून ती घरी परते, आणि पुढचे दोन महिने तिने घरीच राहायचे. अदोनीराम नावाचा अधिकारी ह्या पाळ्यांवर नेमला होता.

भावांनो, हे देवाच्या मंदिराचे काम होते. इस्राएलाच्या इतिहासात त्याहून निकडीचे, त्याहून पवित्र बांधकाम झाले नव्हते. मंदिराला सात वर्षे लागली. तिन्ही तुकड्या एकदम लावल्या असत्या तर कदाचित लवकर झाले असते. पण पवित्र शास्त्राने डोंगरावरच्या महिन्याची नोंद केली तशीच घरच्या महिन्यांचीही केली. शास्त्रात ते दिवस फुकट गेले असे कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा घरचे दिवस ठरवून मागणारा तरुण आळशी आहे किंवा देवाने दिलेल्या कामाला नाक मुरडतो, असे ज्या कोणा घरी म्हटले जात असेल तेथे हा अध्याय वाचून दाखवावा. मोशेच्या नियमशास्त्रात तर नवविवाहिताला वर्षभर लढाईवरच नव्हे, कोणत्याही सरकारी कामावर धाडू नये अशी आज्ञा आहे (अनुवाद २४:५). त्याने घरी मोकळे राहून पत्नीला सुख द्यावे, हे तेथे कारण दिले आहे. आमच्या तरुणाच्या लग्नाला वर्ष झाले नव्हते हे मी वर सांगितलेच.

परंतु लांबच्या रस्त्यावर घरचे दिवस का हरवतात, हेही नीट समजून घ्यावे. नाहीतर आपण सगळा दोष मालकाच्या दुष्टपणावर ढकलून मोकळे होऊ. बेळगावहून दिल्ली सुमारे अठराशे किलोमीटर. भरलेली गाडी पाच-सहा दिवस घेते. माल खाली झाला की खरा खोळंबा सुरू होतो. मोकळी गाडी परत आणली तर डिझेल आणि टोल मालकाच्या अंगावर पडतो, म्हणून परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी तेथेच उभी. ते भाडे बेळगावचे मिळाले तर ठीक. जयपूरचे मिळाले तर गाडी जयपूरला, तेथून नागपूरचे, तेथून आणखी कोठे. चालक घरापासून किती लांब आहे ह्याची कोठे नोंद नसते. गाडी किती दिवस रिकामी उभी राहिली ह्याची असते. आणि मालकही बहुधा एक-दोन गाड्यांचा, हप्त्यात बुडालेला, आपल्यातलाच माणूस असतो.

म्हणून मी त्या तरुणाला सांगितले, पगार विचारण्याआधी हे विचार : परतीचा माल कोठून येतो? तो ठरलेल्या गिऱ्हाइकाचा आहे, की जो मिळेल तो? ठरलेल्या दोन गावांमध्ये ये-जा करणारी गाडी असेल तर घरचे दिवस आपोआप ठरतात. भाड्यामागे फिरणारी असेल तर मालकाने शपथ घेऊन सांगितले तरी ते त्याच्या हाती नाही. दुसरे, दोन चालक आहेत ते आळीपाळीने घरी जाण्यासाठी, की गाडी रात्रंदिवस पळवण्यासाठी? तिसरे, घरी मृत्यू झाला, बाळंतपण आले, तर वाटेत उतरून यायची सोय कोण करील आणि तिकिटाचे पैसे कोणाचे? हे विचारल्याने काम जाईल काय? जाऊ शकते. पण जे काम ह्या प्रश्नांनी जाते ते पुढे घरचे काय करणार होते, हे मी एकदा पाहिले आहे.

शलमोनासारख्या पाळ्या आजच्या काळात जमत नाहीत, असे कोणी म्हणेल. २०१४ साली गुरुग्रामला सुरू झालेल्या रिविगो ह्या कंपनीने तसा प्रयत्न केला. एका चालकाने चार-पाच तास गाडी हाकायची, ठरलेल्या नाक्यावर दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि समोरून आलेली गाडी घेऊन आपल्या गावी परत फिरायचे. जुन्या काळी डाकेचे घोडे बदलत, तसे हे चालक बदलत. २०२२ साली तिचा एक्सप्रेस मालवाहतुकीचा धंदा महिंद्र लॉजिस्टिक्सने घेतला. धंद्याचे गणित धंदेवाल्यांनी पाहावे. मला एवढेच दिसते की, माल न थांबता चालकाने घरी परतणे ही अशक्य गोष्ट नव्हती.

आता ह्याच अध्यायातल्या एका अडचणीच्या जागेकडे येतो. ती टाळून पुढे गेलो तर मी पुन्हा तोकडे वाचल्यासारखे होईल.

तीस हजारांच्या पाळ्या सांगून झाल्यावर लगेच पुढच्या वचनात आणखी माणसे येतात : सत्तर हजार ओझी वाहणारे आणि ऐंशी हजार डोंगरात दगड फोडणारे. त्यांच्या पाळ्या कोठे आहेत? नाहीत. त्यांच्या घरच्या महिन्यांविषयी एक शब्द नाही. दुसऱ्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात कळते की, ही माणसे देशात राहणारे परके होते. इस्राएलाच्या मुलांना दोन महिने घरी, आणि परक्यांचे लिहायचेही कोणाला सुचले नाही. पुढे काय झाले तेही पाहा. शलमोन मेल्यावर लोक रहबामाकडे जू हलके करा म्हणून आले, त्याने ते अधिक जड करीन म्हटले, आणि वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केले. त्याचे नाव तेथे अदोराम दिले आहे; बहुतेक अभ्यासक हा आपला अदोनीरामच मानतात. म्हणजे कागदावरच्या त्या सुंदर पाळ्यांच्या खाली पुष्कळ काही साचत गेले होते.

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांत गाड्यांचे मालक आहेत, दुकानदार आहेत, कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यावर काम करणारे आहेत. आपण आपल्या मुलासाठी पाळकाकडे प्रार्थना मागतो की त्याला घराजवळची नोकरी लागो. आपल्या गाडीवर जो बिहारचा किंवा झारखंडचा पोरगा आहे, त्याच्या घरच्या महिन्यांविषयी आपण काय लिहून ठेवले आहे? आपल्या देशाने १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला, त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याची सुट्टी ठरवली होती. पण तो लागू झाला पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेर राहिला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. कायदा केबिन थंड करू शकतो. माझ्या एक-दोन गाड्यांवरच्या माणसाला नाताळात घरी पाठवायचे की नाही, की ईदला, की छठपूजेला, हे मात्र मलाच ठरवायचे आहे. चौथ्या आज्ञेत विसाव्याच्या दिवशी कोणाकोणाला मोकळे ठेवायचे त्याची यादी आहे, आणि आपल्या वेशीच्या आत असलेला परका त्या यादीत आहे.

आणि जे गिऱ्हाईक आहेत त्यांनीही, म्हणजे आपण सर्वांनीच, मागवलेली वस्तू उद्याच हवी म्हणून दुकानदाराशी भांडताना जरा थांबावे.

घराजवळचे काम म्हणजे देवाने सर्व काही दिले, असेही मी म्हणणार नाही. आमच्या शेजारी गोव्यात डिचोली, सांगे, केपे ह्या भागांत लोहखनिजाचे टिप्पर चालवणारे बांधव खाणीवरून जेटीपर्यंत फेऱ्या मारत आणि रात्री घरी जेवत. कर्ज काढून कित्येकांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या. २०१२ साली खाणी थांबल्या, न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. दारात गाडी उभी, माणूस घरी, आणि हप्ता भरायला पैसा नाही. त्या घरांत घरचे दिवस पुष्कळ होते आणि ते सुखाचे नव्हते. काहींना मग लांबचा रस्ता धरावाच लागला. आजही आपल्यातल्या कित्येकांना तो धरावा लागतो. कर्ज असते, आजारपण असते, जवळ काम नसते. त्यांना मी दोष देत नाही, आणि कोणी देऊ नये. मी त्या बंधूचे चुकवले ते त्याला लांब पाठवले ह्यात तितकेसे नाही. तो गेल्यावर त्याच्या घराकडे मी पाहिले नाही, आणि तो परत कधी येणार हे त्याला एकदाही विचारले नाही, ह्यात ते आहे.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या वर्गात ज्यांचे वडील रस्त्यावर आहेत अशी मुले कोणती, हे माहीत करून घ्या. नाताळच्या नाटकाची तारीख ठरवताना एकदा त्यांच्या आईला विचारा, ह्यांचे घरी येणे केव्हा आहे. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा शिकवताना त्या मुलाला वडिलांविषयी बोलायला लावा : ते आता कोणत्या गावाच्या आसपास असतील, नकाशावर दाखव. आज खिशात फोन असतो. त्यावर चेहरा दिसतो, मूल ओळख विसरत नाही. ही सोय त्या काळी नव्हती. तरी फोनवर दिसणारे वडील ताप आल्यावर कपाळावर हात ठेवत नाहीत, हे मुलालाही कळते.

आमच्या मंडळीत आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. ज्या घरचा माणूस लांबच्या गाडीवर आहे त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक चिठ्ठी दानाच्या थैलीत टाकावी. नाव लिहिले नाही तरी चालेल. तो कोणत्या आठवड्यात घरी येणार एवढेच लिहावे. त्या आठवड्यात पाळकाने किंवा पंचांपैकी कोणी त्या घरी प्रार्थनेचे निमित्त काढून बसायला जायचे नाही, असा नियम केला आहे. त्याचे घरचे दिवस त्याच्या घरच्यांचे. भेटायला आम्ही तो नसताना जातो. रेशन आणायचे असते, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे असते.

त्या तरुणाने दोन दिवसांनी येऊन माझे सगळे ऐकून घेतले, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला जाऊन ते तीन प्रश्न विचारले. तो मनुष्य प्रामाणिक होता, म्हणाला, "पोरा, परतीच्या मालाचं मी काहीच सांगू शकत नाही. दोन वर्षांनी ये." मग ह्याने दुधाची गाडी धरली. पण तेथेही एक गोष्ट आम्हा दोघांच्या लक्षात आली नव्हती. गाईम्हशी रविवार पाळत नाहीत. डेअरीवर कॅन खाली करून गाडी धुऊन लावेपर्यंत सव्वानऊ होतात, आणि आमची उपासना साडेआठला. रोज घरी असणारा माणूस देवाच्या घरी मात्र येऊ शकेना.

विषय पंचांच्या सभेपुढे गेला. एका चालकासाठी सगळ्या मंडळीची वेळ बदलायची का, असे म्हणणारे होते, आणि दुपारच्या जेवणाला उशीर होईल ही काळजीही मोकळेपणाने बोलून दाखवण्यात आली. तेव्हा एका वयस्कर अक्कांनी विचारले की, तो एकटाच आहे कशावरून? चौकशी केली तेव्हा पेपर टाकणारे दोघे, रात्रपाळीचा एक वॉचमन, आणि इस्पितळातून सकाळी सुटणाऱ्या तिघी नर्सेस निघाल्या. उपासना आता साडेनऊला असते. जेवणाला उशीर होतो हेही खरे.

मुलगी झाली, भाद्रपदात. बाळाला घेऊन पत्नी पुढे बायकांच्या बाजूला बसते, आणि तो सव्वानऊला गाडी लावून, अंगावरच्या शर्टाला दुधाचा वास घेऊन, मागच्या बाकावर येऊन बसतो. पहाटे तीनला उठलेला असतो, तेव्हा उपदेशाच्या वेळी त्याचा डोळा लागतो. त्याला कोणी हलवून उठवू नये, असे मी पंचांना सांगून ठेवले आहे.